अतिरिक्त समाधान

खात्याचं पत्र आलं तेव्हा आत्या पलंगावर होती. त्यात विशेष काही नव्हतं, कारण मदतनीस येऊन उठवेपर्यंत ती रोजच पलंगावर असे. दाराच्या फटीतून आत पडलेलं पत्र मदतनिसाने येता येता उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"सेवार्थी क्रमांक एकेचाळीस," आत्याने मोठ्याने वाचलं. "नुकत्याच पूर्ण झालेल्या सेवा-सुधारणा संशोधनात आपले समाधान आवश्यकतेपेक्षा जास्त आढळून आले आहे."

"अय्या, अभिनंदन!"

"थांब गं. 'खात्याने निश्चित केलेली समाधानाची पातळी पाचपैकी साडेतीन असून, प्रत्यक्षात ती चार पूर्णांक सत्त्याण्णव शतांश आढळली. हे अतिरिक्त समाधान विचारात घेता, येत्या एक तारखेपासून आपली सकाळची भेट पंचेचाळीस मिनिटांऐवजी वीस मिनिटांची करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.'"

मदतनिसाच्या हातातला मोजा हातातच राहिला.

"म्हणजे आपण जास्त खूश होतो?"

"तसंच दिसतंय. कोणीतरी वेळेवर आवरायला हवं होतं आपल्याला."

या मदतनिसाला आत्या 'वादळ' म्हणायची. ती आठच्या ठोक्याला यायची, दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीला फोन टेकवायची, फोन 'टिंग' करून वेळ मोजायला लागायचा, आणि मग पाऊण तास घरात काही जागच्या जागी राहायचं नाही. आत्यासुद्धा नाही. पलंगावरची आत्या खुर्चीत जायची, खुर्चीतली न्हाणीघरात, न्हाणीघरातली टेबलापाशी. तिथे उकडलेलं अंडं, चहा आणि सात गोळ्या तिची वाट बघत असत. पण या सगळ्याआधी मोजे. पायांची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे दिले होते, आणि ते घातल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही असा हुकूम होता. ते मोजे म्हणजे अजगराला उलटं सोलून त्यात पाय घालण्यातला प्रकार होता. वादळचा हात बसलेला होता, तरी दोन पायांना बारा मिनिटं लागत.

पत्राला एक जोडपत्र होतं. उठवणे – चार मिनिटे. स्नान – सात. कपडे – चार. औषधे – दोन. खाणे – तीन. एकूण वीस.

"मोजे कुठे आहेत यात?" वादळने विचारलं.

"नाहीत," आत्या म्हणाली. "आणि जे कागदावर नाही ते नाही."

हे तिला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. एकतीस वर्षं ती परवाना कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत बसली होती, आणि लोकांचे अर्ज परत पाठवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तारीख नाही, परत. सही चौकटीबाहेर गेली, परत. एकदा तर तिने सख्ख्या भावाचा अर्ज परत केला. भाऊ तीन महिने बोलला नाही, आणि बोलला तेव्हा जोडपत्र घेऊनच बोलला. घरात आणि गल्लीत सगळे तिला 'खिडकी' म्हणत, भाचरं 'खिडकी आत्या'. तिला त्याचं काही वाटत नसे. दार कोणीही होतं, असं तिचं मत होतं.

आता हे समाधान इतकं वाढलं कसं, तेही सांगायला हवं.

सहा महिन्यांपूर्वी खात्याने नेमलेली एक संशोधक बाई घरोघर फिरत होती. चाळिशीची, पाठीला पिशवी, सतत माफी मागितल्यासारखं बोलणारी. तिच्याकडे एक कार्ड होतं. त्यावर पाच चेहरे होते, रडक्यापासून खदाखदा हसणाऱ्यापर्यंत. प्रश्न विचारायचा आणि सेवार्थीने चेहऱ्यावर बोट ठेवायचं, एवढंच काम. त्याआधी एक चार पानी संमतीपत्र. ते आत्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. पंचवीस मिनिटं लागली. संशोधक बाई तेवढा वेळ हातात पेन धरून बसली.

"आजपर्यंत कोणीच वाचलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"दिसतंय. मलाही एक प्रत द्या," आत्या म्हणाली, आणि प्रत ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग प्रश्न झाले. मदतनीस वेळेवर येते का? खदाखदा. आदराने वागते का? खदाखदा. एकंदर सेवेबद्दल काय वाटतं? खदाखदा. वादळ तेव्हा चार पावलांवर शेगडीपाशी उभी होती, आणि अंडं उकळायचं थांबलं होतं तरी ती वळून बघत नव्हती. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी असल्याच एका पाहणीत मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं. त्याबद्दल खात्याने वादळला दोन आठवडे 'सुधारणा प्रशिक्षणा'ला पाठवलं. तिथे तिला हसायला शिकवलं. बदली म्हणून आलेल्या माणसाने आजोबांना स्वेटर मागचा पुढे घातला, आणि आजोबा दोन आठवडे कुठूनही येताना निघून चालल्यासारखे दिसत होते. मदतनिसांकरवी ही गोष्ट घरोघर पोचली, आणि तेव्हापासून सगळ्या म्हाताऱ्यांनी कानाला खडा लावला. चेहरा विचारला की शेवटचा.

अशी साठेक माणसं मनापासून खोटं हसली. आणि खात्याने ते हसणं वजन करून घेतलं.

*

बातमी कळताच भाची आली. भाची म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळ द्यायचं काम करायची, त्यामुळे जगात कोणाशीही ती पुढची तारीख दिल्यासारखीच बोलायची.

"आत्या, मी तुझं नाव निवासी केंद्रात घातलंय. एक खोली रिकामी होतेय. बारा तारखेपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय."

"रिकामी होतेय म्हणजे? आत कोण आहे ते कुठे चाललंय?"

भाचीने विषय बदलला. "खोली छान आहे. खिडकी आहे."

"उघडते?"

"सुरक्षेसाठी ती बंदच ठेवतात."

"मग तिला भिंत म्हणायचं."

"आत्या, चेष्टा पुरे." भाचीचा आवाज जरा फाटला. "वीस मिनिटांत तू उठून बसेपर्यंत ती निघून गेलेली असणार. मोज्यांशिवाय चालायला गेलीस आणि पडलीस, तर? मी नऊ ते सात दवाखान्यात. माझा फोन वाजला की समोरचा पेशंट सोडून मी आधी तुझं नाव दिसतंय का ते बघते. रोज बघते. तुला त्याचं काही आहे का?"

भाचीच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. आणि ते आपल्यामुळे आहे, हे आत्यालाही कळत होतं.

"बारा तारखेला सांगते," ती म्हणाली.

"माझं हो आहे, आत्या. तू नाही म्हणायला कारण दे."

*

एक तारखेला वादळ आली. टिंग. आत्याचा डावा पाय, मोजा, टाच, पोटरी. सहा मिनिटं. मग गोळ्या आधी उरकून घेऊ म्हणून गोळ्या. मग उजवा पाय हातात घेतला आणि घोट्यापर्यंत आली, तोच फोन असा केकाटला, जणू घराला आग लागलीय.

"वीस झाली? इतक्यात?"

"मधे अंडं लावलं ना." वादळ फोनकडे आणि पायाकडे आळीपाळीने बघत होती. "दोन मिनिटं थांबते."

"थांबलीस तर काय होतं?"

"पुढच्या घरची वेळ सुरू होते. दोनदा उशीर झाला की 'वेळेचा अपव्यय' म्हणून चौकशी."

"मग जा."

"आत्या..."

"जा म्हटलं ना! मला इथेच राहायचंय. तुझी चौकशी लावून मी एकटी काय करू इथे, अंडं उकडू?"

वादळ गेली. जाताना तिने डोळे पुसले ते बाहीने, कारण दोन्ही हातांत पुढच्या घरची पिशवी होती. आत्या एका पायात मोजा, दुसऱ्या पायात अर्धा, अशी पलंगावर राहिली. डावा पाय चालायला मोकळा होता, उजव्याला बंदी होती. एका पायाने उठून कुठे जाता येतं याचा तिने बराच विचार केला, आणि कुठेच नाही या निष्कर्षाला आली. हाताला लागत होते ते फक्त उशाचा फोन आणि ड्रॉवर.

दुपारपर्यंत तिने चार पानी संमतीपत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कलम नऊपाशी आली, आणि एकतीस वर्षांत खिडकीपलीकडच्या लोकांनी तिच्या चेहऱ्यावर जे पाहिलं होतं ते तिथे उमटलं. ते हसू नव्हतं. पण ते पाहून लोक घरी जात.

कलम नऊ असं होतं: सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता, आपली माहिती संशोधनातून मागे घेऊ शकते. अशी माहिती नष्ट करण्यात येईल.

तिने खात्यात फोन लावला. चार जणांनी पुढे ढकलल्यावर उपसंचालक साहेब फोनवर आले. जोडपत्रावर सही त्यांचीच होती.

"मी माझी माहिती मागे घेतेय. सगळे चेहरे परत द्या."

साहेब दिलखुलास हसले. "जरूर घ्या, बाई. पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. त्रेसष्टांतल्या बासष्ट जणांनी पाच दिलेत आणि एकाने तीन. तुम्ही वजा झालात तरी सरासरी चार पूर्णांक सत्त्याण्णवच राहते. मी आत्ताच करून पाहिलं."

"एकाने तीन दिलेत? कोणी?"

"ते गोपनीय असतं."

"बरं. मग सगळेच वजा झालो तर?"

"सगळे?" साहेब पुन्हा हसले, पण या वेळी थोडं कमी. "सगळे कसे होतील? तुम्ही एकमेकांना ओळखतही नाही."

*

ते बरंचसं खरं होतं. फक्त साहेबांना त्यांच्याच खात्याची बस आठवली नव्हती.

दर महिन्याच्या पाच तारखेला खात्याच्या दोन बस त्या भागातल्या सगळ्या सेवार्थींना गोळा करून पाय-तपासणीला नेत. एक लांबलचक हॉल, भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर कोमट पाण्याचा निळा टब. नखं मऊ व्हावीत म्हणून तपासणीआधी पाय अर्धा तास बुडवून ठेवायचे, असा नियम. अर्धा तास सगळी माणसं पाण्यात पाय घालून समोरच्या भिंतीकडे बघत. कोणी कोणाशी बोलत नसे, कारण अनवाणी माणसाला ओळख करून घ्यायचा संकोच वाटतो.

त्या पाच तारखेला अठ्ठावन्न जण हजर होते. आत्याने आपली चाकाची खुर्ची हॉलच्या मध्यभागी लावून घेतली, मांडीवर टब ठेवायची फळी आडवी टाकली, आणि टबऐवजी तिच्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. सभेसाठी याहून चांगली व्यवस्था असू शकत नव्हती. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही उठून जाता येत नव्हतं.

"मी एकेचाळीस नंबर," ती म्हणाली. "ज्यांना ज्यांना वीस मिनिटांचं पत्र आलंय त्यांनी पाय वर करा."

पाण्याचा मोठा आवाज झाला. हॉलभर ओले पाय वर आले, काही दोन्ही.

"ज्यांनी ज्यांनी खदाखदा चेहऱ्यावर बोट ठेवलं त्यांनी पाय वरच ठेवा."

एक सोडून सगळे वरच राहिले. एका कडेला एक सडसडीत गृहस्थ आपले पाय शांतपणे पाण्यात खाली सोडताना दिसले.

"तुम्ही? तीन दिलेत ते तुम्ही?"

"मला ठीकठाक वाटलं होतं," गृहस्थ म्हणाले. "म्हणून ठीकठाकवर बोट ठेवलं."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. इतका प्रामाणिक माणूस आपल्यात बसतो हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. "पण विचारलं की खरं सांगायचं असतं का?" एका आजींनी शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, "मी तर उखाणा घ्यायचाय असं समजून हसले होते."

आत्याने कलम नऊ वाचून दाखवलं. दोनदा, कारण अर्ध्यांची यंत्रं कानातून काढून पिशवीत होती. मागून एका भरघोस मिशीवाल्या आजोबांनी हात वर केला. त्यांचा आवाज इतका मोठा होता की त्यांच्या गल्लीत त्यांना 'भोंगा' म्हणत. "अहो, पण हे मागे घेतलं आणि खात्याने राग त्या पोरींवर काढला तर? माझी ती पोर तीन जिने चढून येते. तिच्या पोटावर पाय नको आपला!"

"बरोबर आहे तुमचं," आत्या म्हणाली. "आपण सगळे तिच्यासाठीच खोटं बोललो. पण हिशेब करा. भेट अर्ध्याहून कमी झाली. मग पोरी किती लागतील? सगळ्या? आपण त्यांना वाचवायला हसलो, आणि त्या हसण्यानेच त्यांना घरी बसवायची सोय झाली. आता गप्प बसलो तर त्याही गेल्या आणि आपणही."

"आणि मागे घेतलं तर?"

"तर खात्याकडे काहीही नाही. कोणी खूश नाही, कोणी नाखूश नाही. आपण भेटलोच नाही. मग त्यांनी कशाच्या आधारावर कापायचं ते त्यांनी सांगावं."

भोंगा आजोबांनी क्षणभर विचार केला. मग हॉलच्या काचा हादरतील अशा आवाजात म्हणाले, "द्या इकडे कागद!"

पुढचा अर्धा तास हॉलमध्ये तीन नंबरची खिडकी उघडली होती. कागद हातोहात जात होते आणि आत्या एकेक तपासत होती. तारीख नाही, परत. नंबर नाही, परत. एका आजींनी 'माझ्या सुनेलाही मागे घ्यावे' असं खाली लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. ठीकठाक गृहस्थांचा अर्ज पहिल्या झटक्यात बरोबर निघाला. आत्याने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आयुष्यात फार कमी लोकांना म्हटलेलं वाक्य म्हटलं, "ठीक आहे." नखं कापायला आलेल्या नर्सने दारातून हे सगळं पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि "पाय अजून मऊ व्हायचेत वाटतं," म्हणून दार ओढून घेतलं.

न आलेल्या पाच जणांना बसच्या यादीवरून फोन झाले. आठ तारखेला त्रेसष्ट अर्ज खात्याच्या टपालात पडले होते.

*

नऊ तारखेला संशोधक बाई आली. पाठीला पिशवी तीच, पण आज माफी मागितल्यासारखी नव्हे, जाब विचारायला आल्यासारखी दिसत होती.

"तीन वर्षं," दारातूनच ती म्हणाली. "तीन वर्षांचं काम. काल संगणकात सरासरी काढायला गेले तर तो म्हणतो, भागता येत नाही. सहभागींची संख्या शून्य."

"बसा. चहा मी नाही देऊ शकत. पाय जमिनीवर नाहीत."

ती बसली. आत्याकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते आणि एकेचाळीस नंबरची सेवार्थी अजून पलंगावर, एका पायात मोजा घालून. बाईने ते पाहिलं आणि नजर खाली केली.

"मी वेळ कापा असं लिहिलं नव्हतं. खरंच नाही. उलट पान चौऱ्याऐंशीवर लिहिलंय, की भेटीचा वेळ कमी करू नये. त्यांनी पहिल्या पानावरचा आकडा तेवढा वाचला."

"संमतीपत्राचं आणि अहवालाचं एकच दुखणं. शेवटपर्यंत कोणी जात नाही."

"पण तुम्ही सगळे माझ्याशी खोटं बोललात," बाई एकदम म्हणाली. आवाज चिरकला. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट! मी इतक्या विश्वासाने विचारत होते."

"बासष्ट," आत्या म्हणाली. "एकजण खरं बोलला. आणि तुम्ही कोणासमोर विचारत होतात, बाई? ती शेगडीपाशी उभी होती. तिचा जीव मुठीत, आमचा तिच्या हातात. आणि तुम्ही म्हणालात, ही कशी वागते, चेहरा दाखवा. मी काय रडका दाखवणार होते?"

संशोधक बाईने सवयीने पिशवीतून चेहऱ्यांचं कार्ड काढलं.

"आणि विचारलंत ते सगळं ती घरात असतानाचं. आठ ते पावणेनऊ. ती गेल्यावरचे तेवीस तास पंधरा मिनिटं कोणी विचारली? मी दुपारी पाणी कमी पिते, का? कारण प्यायले की जावं लागतं, आणि जायला मोजे नीट बसलेले हवेत. हे तुमच्या कुठल्या चेहऱ्यात बसतं?"

बाईने कार्ड पुन्हा पिशवीत घातलं. मग पिशवीच्या तळातून एक साधी वही काढली, रेघांची, कोपरे दुमडलेली.

"पाणी कधीपासून कमी पिता?" तिने विचारलं.

ती दीड वाजता उठली. जाताना तिने आत्याचा उजवा मोजा चढवायचा प्रयत्न केला, टाच पुढे आणली, पुन्हा काढला, पुन्हा घातला, आणि बावीस मिनिटांनंतर त्याही गोष्टीची नोंद वहीत केली.

*

बारा तारखेला सकाळी आठला वादळ आली तेव्हा तिच्यामागे तिघं होती: भाची, कारण आज उत्तर द्यायचा दिवस, उपसंचालक साहेब, कारण परवा समितीची बैठक, आणि संशोधक बाई, कारण साहेबांनी तिला फॉर्म भरायला आणलं होतं. साहेब देखणे होते, कोटाच्या बाह्या इस्त्रीच्या, आणि शून्याने भागता येत नाही हे कळल्यापासून ते तीन रात्री झोपले नव्हते.

"बाई, एक सही," ते म्हणाले. "संमती पुन्हा देता, एवढंच. तुम्ही परतलात की बाकीचे परततील. नाहीतर समितीपुढे मी शून्य लोकांचा अहवाल ठेवायचा का? त्यात लिहावं लागेल, शून्यापैकी सर्व लोक समाधानी."

"चांगलं वाक्य आहे. सही करायचा विचार करीन. पण निजून नाही करत मी. टेबलाशी बसवा."

"हिला सांगतो ना." साहेब वादळकडे वळले.

"तिची वीस मिनिटं माझी आहेत. सहीसाठी त्यात तरतूद नाही. जोडपत्रात बघा, पाठ असेल तुम्हाला. उठवणे, चार मिनिटं. तुम्हीच उठवा."

भाचीने तोंडावर हात धरला. "आत्या, अगं काहीतरीच काय!"

"ही चार मिनिटं कुठून आली, साहेब?" आत्याने विचारलं. "कोणाला उठवून पाहिलंत?"

"मी स्वतः," साहेब जरा ताठ होत म्हणाले. "कार्यालयात खुर्चीवरून उठून पाहिलं. खरं तर तीन सेकंद लागले. चार मिनिटं मी उदारपणे दिली."

"मग हरकत काय आहे?"

समोर तीन बायका उभ्या होत्या, आणि एकीच्या हातात वही होती. साहेबांनी कोट काढला. संशोधक बाईने काही न बोलता मनगटावरचं घड्याळ सैल केलं आणि टेबलावर समोर ठेवलं.

साहेबांनी आत्याचे खांदे धरून तिला उचलायला घेतलं. "पाय खाली नाही लावायचे," वादळ म्हणाली. "आधी मोजे." साहेबांनी मोजा घेतला. तो हातात घेतल्यावर त्यांना तो लहान मुलाचा आहे असं वाटलं, तसं त्यांनी विचारलंही. नाही म्हटल्यावर ते पलंगापाशी गुडघ्यावर बसले. अंगठा आत गेला. बाकी बोटांनी नकार दिला. मोजा घोट्यापाशी वळकटी होऊन बसला, मग एकदम निसटला आणि साहेबांच्या कपाळावर बसला.

"सात मिनिटं," संशोधक बाई म्हणाली.

"टाच... टाचेचा भाग कोणता?" साहेबांना घाम फुटला होता.

"जो टाचेला येत नाही तो," आत्या म्हणाली. "आणि ओढू नका हो! पाय आहे तो, पोतं नाही!"

वादळचा हात दोनदा पुढे झाला, दोनदा तिने मागे घेतला. वीस मिनिटांनी तिचा फोन केकाटला. तिने तो उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा तो उशीखाली दाबून ठेवला. "होऊ दे चौकशी," ती म्हणाली. "साहेब आहेतच इथे, इथल्या इथे होईल."

डावा मोजा सव्विसाव्या मिनिटाला चढला. उजवा चव्वेचाळिसाव्या. एक्कावन्नाव्या मिनिटाला आत्या पलंगाच्या कडेवर बसली होती, पाय जमिनीला टेकलेले, आणि साहेब जमिनीवर, पाठ पलंगाला टेकलेली, शर्ट अंगाला चिकटलेला. स्नानाचा विषय आत्याने काढला नाही. साहेबांशी तिची तेवढी ओळख नव्हती.

साहेबांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"हे..." साहेब म्हणाले. "हे रोज?"

"रोज. रविवारीही पाय असतात."

साहेबांनी फॉर्म पुढे केला, पण अगदी अर्धवट, आपण का करतोय हे न कळल्यासारखा.

"नाही," आत्या म्हणाली.

"पण मी उठवलं तुम्हाला! बसवलं!"

"उठवलंत. उपकार झाले. पण सही नाही. माझं हसू मी परत घेतलंय, ते पुन्हा तुमच्या हाती देणार नाही. या बाईंच्या वहीत लिहिलंय ते घ्या. त्याला माझी संमती आहे, आत्ता, तोंडी, चौघांसमोर. ते आवडलं नाही तर समितीपुढे शून्य घेऊन जा आणि विचारलं तर सांगा, की ही त्रेसष्ट माणसं भेटायला तयार नाहीत, वीस मिनिटांसाठी तर नाहीतच. आणि तोवर पंचेचाळीस मिनिटं पूर्ववत. तसं लिहून द्या. पेन आहे का तुमच्याकडे?"

साहेबांनी संशोधक बाईकडे पाहिलं. बाईने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. एका पानावर ओळीने लिहिलं होतं: उजवा मोजा, संशोधक, बावीस मिनिटे. त्याखाली ताज्या शाईत: दोन्ही मोजे व उठवणे, उपसंचालक, एक्कावन्न मिनिटे.

"हे समितीपुढे ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पानावर," बाई म्हणाली, आणि माफी मागितली नाही.

साहेबांनी जमिनीवर बसल्या बसल्याच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: पुढील आदेशापर्यंत सर्व सेवार्थींची सकाळची भेट पंचेचाळीस मिनिटे. सही केली. मग उठायला गेले आणि त्यांना जमलं नाही, पायाला मुंग्या आल्या होत्या. वादळने त्यांना काखेत हात घालून एका झटक्यात उभं केलं. सवयीने.

भाची इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून होती. एक्कावन्न मिनिटं तिने आपल्या आत्याचे पाय बघितले होते, आणि त्या पायांजवळ गुडघ्यावर बसलेल्या साहेबांना. आणि आता तिने पिशवीतून फोन काढला.

"पुढील आदेशापर्यंत म्हणजे किती दिवस?" तिने आत्याला विचारलं.

"माहीत नाही. तेव्हा पुन्हा भांडू."

"मीही आहे," भाची म्हणाली. "शनिवारी मला मोजा घालायला शिकव गं," हे वादळला. मग तिने नंबर लावला. पलीकडे केंद्राची बाई होती, मधाळ आवाजाची, खोलीत सगळ्यांना ऐकू येईल अशी.

"नाही, ती येत नाहीये," भाची म्हणाली. "... नाही, तब्येत सुधारलेली नाही. ... नाही, घरी कोणी नसतं. ... हो, धोका आहे, मला माहीत आहे. ... तुम्ही ऐकताय ना? ती अजिबात बरी नाही, एकटीने तिला पलंगावरून उतरताही येत नाही, आणि ती येत नाहीये."